चिपमंकचं मूळ गाव

आधी चेहरा बघायचा. पाठ नंतर.

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या टायोगा रोडवर कुठल्याही पार्किंगमध्ये गाडी लावली की पाच मिनिटांत कुणीतरी "चिपमंक! चिपमंक!" ओरडतं आणि पोरंटोरं मोबाइल घेऊन धावतात. निम्म्याहून जास्त वेळा तो चिपमंक, म्हणजे खारीच्या कुळातला तो छोटा पट्टेरी प्राणी, नसतोच. ओल्मस्टेड पॉइंटच्या दगडांवर बसून जी तुमच्या सँडविचवर डोळा ठेवून असते ती असते गोल्डन-मँटल्ड ग्राउंड स्क्विरल. चांगली गुबगुबीत, वजनाने चिपमंकच्या तिप्पट-चौपट. दोन्ही कुशींवर एकेक पांढरा पट्टा, त्याला काळ्या कडा, डोकं आणि खांदे सोनेरी-तांबूस. पण चेहरा कोरा. डोळ्याभोवती पांढुरकी कड, बास, एवढंच. चिपमंकच्या चेहऱ्यावर मात्र रेघा असतातच: नाकाकडून निघून डोळ्यातून कानापर्यंत जाणारी एक गडद रेघ, तिच्या वर-खाली फिकट रेघा. तेवढं दिसलं की वाद मिटला. आपल्याकडच्या खारीचंही तसंच, पट्टे फक्त पाठीवर. रामाने बोटं पाठीवरून फिरवली होती, गालावरून नाही, हे लक्षात ठेवलं तरी पुरतं.

याच रस्त्यावर ट्वालमी मेडोजच्या गवतात दोन पायांवर ताठ उभी राहून शिट्टी मारणारी एक तिसरीच असते, बेल्डिंग्ज ग्राउंड स्क्विरल. तिला पट्टेच नाहीत. तरी लोक तिलाही चिपमंक म्हणतात. असो.

हे झालं सोपं काम. खरी पंचाईत पुढे आहे, कारण चिपमंक आहे हे कळल्यावर 'कुठला चिपमंक' हा प्रश्न येतो. माझी मावसबहीण न्यू जर्सीत राहते. तिच्या डेकवर चिपमंक येतो, ती फॅमिली ग्रुपवर फोटो टाकते, चार जण बदाम पाठवतात, विषय संपतो. तिच्याकडे ईस्टर्न चिपमंक ही एकच जात असल्यामुळे ओळखण्याची झंझटच नाही. जगात चिपमंकच्या साधारण पंचवीस जाती मानतात. त्यातली एक सैबेरियापासून कोरिया-जपानपर्यंत, एक अमेरिकेच्या पूर्वेला, आणि उरलेल्या सगळ्या उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात दाटीवाटीने. एकट्या कॅलिफोर्नियात १३. बहुतेकांच्या पाठीवर पाच गडद आणि चार फिकट पट्टे, सगळ्यांच्या तोंडावर रेघा, आणि रंग म्हणाल तर तपकिरी, राखाडी आणि तांबूस यांच्या मधे कुठेतरी. त्यातही उन्हाळ्यात अंगावर असणारे केस वेगळ्या छटेचे आणि थंडीसाठी येणारे वेगळ्या. मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहते, म्हणजे माझ्या वाट्याला हा सगळा गोंधळ आलेला आहे.

संग्रहालयातले अभ्यासक काय करतात, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये एकटीच हसले होते. ते नराच्या लिंगातलं हाड बघतात. हाड कसलं, काही मिलिमीटरची काडीच ती, पण तिच्या टोकाचा बाक आणि जाडी जातीगणिक वेगळी असते. १९५३ मध्ये जॉन व्हाइट या प्राणिशास्त्रज्ञाने पश्चिमेकडच्या चिपमंकांच्या या हाडांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, आणि कातडं बघून निकाल लागत नसेल तर आजही लोक त्या हाडाकडे वळतात. मग डीएनए आलं. वाटलं असेल, आता तरी सुटलो. तर उत्तरेकडे, रॉकीजमध्ये, रेड-टेल्ड आणि यलो-पाइन या दोन जातींच्या बाबतीत असं निघालं की हाडं स्पष्ट वेगळी असूनही काही ठिकाणी एकीच्या पेशींत दुसरीचा मायटोकाँड्रियल डीएनए, म्हणजे आईकडून येणारा डीएनए, बसलेला आहे. म्हणजे मागे कधीतरी सोयरीक झालेली आहे आणि तिचा पुरावा वंशात राहिला आहे.

आता दुर्बीण आणि पाण्याची बाटली घेऊन निघालेल्या माणसाने काय करायचं? हाड तर मागता येत नाही. मी तेच करते जे आपण मराठी माणसं परक्या गावात भेटल्यावर करतो. आडनाव कळून भागत नाही, लगेच पुढचा प्रश्न येतो, "मूळचे कुठले?" कुलकर्णी काय, सगळीकडे असतात. पण मिरजेचे की लातूरचे हे कळलं की जेवणापासून बोलण्याच्या हेलापर्यंत बराच अंदाज बांधता येतो. चिपमंकच्या बाबतीत गाव म्हणजे उंची, आणि गल्ली म्हणजे झाड. हे दोन्ही नीट विचारले की तेरा जातींमधून दोन-तीनच हातात उरतात, मग कान-शेपटी बघून निवड करता येते. पण त्यासाठी आधी झाडं ओळखता यावी लागतात, आणि चिपमंकच्या नादी लागलेल्या माणसाला ते कुणी सांगत नाही. मी प्राण्याच्या मागे लागले आणि दोन उन्हाळे पाइनच्या सुया मोजत बसले. दोनच्या जुडग्यात सुया आल्या तर लॉजपोल पाइन, तीनच्या जुडग्यात आल्या तर पाँडेरोसा किंवा जेफ्री, पाचच्या आल्या तर शुगर पाइन किंवा वरच्या बाजूचा व्हाइटबार्क.

हायवे १२० या अभ्यासासाठी फार सोयीचा. सेंट्रल व्हॅलीच्या सपाटीतून निघून सिएरा नेवाडा ही डोंगररांग चढतो, टायोगा पासच्या खिंडीत जवळपास १०,००० फुटांवर जातो आणि पलीकडे मोनो लेकपाशी धाडकन खाली उतरतो. खालच्या टेकड्यांवर मँझनीटाची लालसर खोडांची झुडपं आणि ओक आहेत. तिथे मेरियम्स चिपमंक. करडा, पट्टे मळकट, शेपूट लांब, आणि झुडपातून बाहेर यायला नाखूश. सकाळी साडेपाचला निघालेलं कुणी तिथे थांबत नाही, मीही क्वचितच थांबते. सुमारे ६,००० फुटांवर क्रेन फ्लॅट. शुगर पाइनची हातभर लांबीची बोंडं रस्त्याकडेला पडलेली असतात. इथला मानकरी लाँग-इअर्ड चिपमंक. कान खरंच लांब, आणि कानामागे दोन पांढरे डाग इतके ठळक की तो पाठमोरा पळाला तरी दिसतात. पाठमोऱ्या चिपमंकवर वैतागणाऱ्यांना हा दिलासा आहे.

त्याच्या वर रेड फरचं अंधारं जंगल लागतं आणि मग टनाया लेकपासून पुढे लॉजपोल पाइन. तिथला लॉजपोल चिपमंक माझा सगळ्यात आवडता, म्हणून त्याच्याबद्दल जरा जास्त लिहिते. बाकीच्यांच्या अंगावर बाहेरच्या फिकट पट्ट्याखाली एक गडद पट्टा असतो. याच्यात तो जवळजवळ नसतोच, त्यामुळे कुशीवरचा पांढरा पट्टा एकदम स्वच्छ, चमकदार दिसतो. मेडोजच्या कडेला एक आडवा पडलेला ओंडका आहे, साल गळून गुळगुळीत झालेला. त्यावर ऊन आलं की चिपमंक येतो. मी दहा-बारा फुटांवर पाठ टेकून बसते. एकदा सप्टेंबरमध्ये त्याला बी सोलताना नीट बघता आलं. पाइनच्या बीला एक पातळ पंख असतो. त्याने बी पुढच्या पंजांत धरली, अर्धा फेर फिरवली, पंख दातांनी कट्कन तोडला, आणि बी डाव्या गालात गेली. पंख हवेत गिरकी घेत खाली. लगेच दुसरी. हे इतकं भराभर चाललं होतं की ओंडक्याखाली पंखांचा छोटा ढिगारा झाला. डावा गाल भरला तसं डोकं एका बाजूला कललं, मग त्याने उजवा भरायला घेतला. वर क्लार्क्स नटक्रॅकर हा पक्षी कर्कश ओरडला तेव्हा तो जागीच थिजला, भरलेल्या तोंडाने. धोका टळल्यावर जमिनीवर उतरून सुयांच्या खाली कुठेतरी तो ऐवज पुरून आला. परत आला तेव्हा गाल सपाट.

ही साठवण गंमत म्हणून नसते. ग्राउंड स्क्विरल उन्हाळाभर खाऊन अंगावर चरबी चढवते आणि तिच्यावर हिवाळा झोपून काढते. चिपमंक तशी चरबी करत नाही. तो बिळात झोपतो, काही दिवसांनी उठतो, साठवलेलं खातो, परत झोपतो. शिवाय बिळाबाहेर ठिकठिकाणी पुरलेल्या छोट्या ठेवी वेगळ्याच. नेवाडा विद्यापीठाच्या स्टीफन व्हँडर वॉल यांनी पूर्व उतारावर, जेफ्री पाइनच्या जंगलात, खुणा केलेल्या बिया ठेवून त्यांचा माग काढला. यलो-पाइन चिपमंक त्या नेऊन पुरतात, पुन्हा उकरून दुसरीकडे पुरतात, आणि ज्या राहून जातात त्यांची रोपं होतात. एकाच जागी जेफ्री पाइनची तीन-चार रोपटी गळ्यात गळा घालून उगवलेली दिसली, तर ती जागा कुणाची तरी विसरलेली किंवा मालक मेल्यामुळे बेवारस झालेली ठेव समजायची.

बाबा साताऱ्याहून आले होते त्या उन्हाळ्यात त्यांना घेऊन गेले. ते ओंडक्याशी बसले आणि त्यांनी खिशातून पुडी काढली.

"बाबा, नाही हं."

"अगं, एक शेंगदाणा. त्याला काय होतंय?"

"दंड होतो इथे. आणि पिसवा असतात त्यांच्या अंगावर. प्लेग असतो."

'प्लेग' म्हटल्याबरोबर पुडी खिशात गेली. दंडाचा उपयोग झाला नव्हता. बाबांच्या लहानपणी त्यांचे आजोबा प्लेगच्या साथीच्या गोष्टी सांगायचे. उंदीर पडायला लागले की अख्खं गाव घरांना कुलपं लावून रानात झोपड्या बांधून राहायचं. बाबांनी विचारलं, "इथे कुठून आला प्लेग?" उत्तर ऐकून ते बराच वेळ गप्प होते, कारण उत्तर आपल्या घराच्या फार जवळून जातं. १८९४ मध्ये हाँगकाँगला जी साथ भडकली ती जहाजांनी बंदरोबंदरी नेली. १८९६ मध्ये ती मुंबईत आली, मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी ती ओळखली. १० मार्च १८९७ ला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या, त्या याच साथीत. १९०० मध्ये तीच साथ सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये पोचली. तिथल्या उंदरांकडून काही वर्षांतच कॅलिफोर्नियाच्या रानातल्या ग्राउंड स्क्विरलमध्ये शिरली, आणि मग डोंगरात मुरली ती मुरलीच. २०१५ च्या ऑगस्टमध्ये मेलेल्या खारींमध्ये प्लेग सापडला म्हणून ट्वालमी मेडोजचा कँपग्राउंड काही दिवस बंद ठेवून पिसवांवर औषध मारावं लागलं. २०२१ मध्ये लेक टाहोच्या दक्षिण टोकाला चिपमंकांमध्येच सापडला, तिथल्याही काही जागा बंद केल्या. माणसाला होण्याचं प्रमाण नगण्य आहे आणि वेळेत निदान झालं तर अँटिबायोटिक्सनी बरा होतो, त्यामुळे घाबरून घरी बसण्यासारखं काही नाही. लांबून बघावं, मेलेल्या प्राण्याला हात लावू नये, बिळाजवळ चटई पसरू नये, इतकंच. आणि शेंगदाणे आपण खावेत.

पासच्या पलीकडे उतरताना जंगल पातळ होत जातं. जेफ्री पाइनच्या खोडाला नाक लावलं की व्हॅनिलासारखा वास येतो, तिथे यलो-पाइन चिपमंक. त्याच्याही खाली मोनो लेकभोवती झाडं संपून राखाडी-हिरव्या सेजब्रशची झुडपं पसरलेली, तिथे लीस्ट चिपमंक, सगळ्यांत लहान चणीचा. हा पळताना शेपूट सरळ आभाळाकडे उभी धरतो, त्यामुळे गाडीतून, ताशी पन्नास मैलांच्या वेगातही ओळखता येतो. या दोघांची सीमा इतकी काटेकोर का, हा प्रश्न क्रेग हेलर यांनी घेतला होता. त्यांचं काम १९७१ मध्ये प्रसिद्ध झालं. निष्कर्ष असा की लीस्टला पाइनच्या सावलीत राहायला काहीच अडचण नाही, पण यलो-पाइन त्याला हाकलून लावतो. सेजब्रशमधलं ऊन मात्र यलो-पाइनला सोसत नाही, लीस्टला सोसतं. म्हणजे खालचा जिथे राहतो तिथे तो आवडीने राहतो असं नाही. वरच्याने येऊ दिलं नाही, आणि खालची जागा दुसऱ्या कुणाला नको होती. माझ्या मते कुठल्याही ओळखपुस्तिकेतल्या रंगीत चित्रांपेक्षा ही एक माहिती जास्त उपयोगी आहे, कारण झाडांची शेवटची रांग संपली की नाव बदलतं हे त्यातून पक्कं डोक्यात बसतं.

एक जात मुद्दाम शेवटी ठेवली. अल्पाइन चिपमंक. जगात फक्त सिएरा नेवाडात, तोही माथ्यावर, जिथे झाडं खुजी होतात आणि दगडांच्या राशी सुरू होतात. तीस-चाळीस ग्रॅमचा जीव. रंग फिका, पट्टे पुसट, आणि शेपटीची खालची बाजू केशरी. लॉजपोल झाडावर चढतो, हा दगडांतच जास्त रमतो. याची कहाणी जोसेफ ग्रिनेल यांच्याशिवाय सांगता येत नाही. बर्कलीतल्या पृष्ठवंशी प्राण्यांच्या संग्रहालयाचे ते पहिले संचालक. १९१४ पासून १९२० पर्यंत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सेंट्रल व्हॅलीपासून मोनो लेकपर्यंत, म्हणजे साधारण माझ्याच रस्त्याच्या आसपास, प्राण्यांची मोजदाद केली. घोडे, खेचरं, सापळे, आणि वह्या. कुठल्या सापळ्यात, कुठल्या झाडाखाली, किती फुटांवर काय सापडलं, सगळं लिहिलेलं. या नोंदींची खरी किंमत कदाचित शंभर वर्षांनी कळेल, असं ग्रिनेल यांनी १९१० मध्येच लिहून ठेवलं होतं.

जवळपास तितकीच वर्षं गेली. २००३ पासून त्याच संग्रहालयाच्या लोकांनी त्याच जागा पुन्हा धुंडाळल्या. क्रेग मोरिट्झ आणि सहकाऱ्यांचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. दरम्यानच्या काळात तिथलं किमान तापमान सुमारे ३ अंश सेल्सिअसने वाढलं होतं. तपासलेल्या २८ लहान सस्तन प्राण्यांपैकी निम्म्यांच्या सीमा बऱ्याच वर सरकल्या होत्या, सरासरी ५०० मीटर. अल्पाइन चिपमंकची खालची सीमा ६०० मीटरहून जास्त वर गेलेली. ग्रिनेलना तो जिथे मिळाला होता त्यातल्या कित्येक ठिकाणी आता तो नाही. पुढच्या एका अभ्यासात जुन्या कातड्यांमधला डीएनए आणि आजच्या चिपमंकांचा डीएनए ताडून पाहिला, तर अल्पाइनमधली जनुकीय विविधता घटल्याचं दिसलं. गंमत म्हणजे त्याचा शेजारी लॉजपोल फारसा हललेला नाही. एकाच डोंगरावर, एकाच ऊन-पावसात राहून एक तिथेच आहे आणि दुसरा वर वर चालला आहे.

म्हणून 'गाव विचारा' या माझ्या पद्धतीला मर्यादा आहे, आणि ती मी मान्य करते. जुन्या पुस्तकातल्या नकाशावर बोट ठेवून "इथे अल्पाइन असणार" म्हणता येत नाही. वर जायचं, आणि आज तो कुठे आहे ते बघायचं. सिएराचे कडे उंच आहेत, त्यामुळे अजून थोडी चढायला जागा आहे. पण डोंगर वर जाताना निमुळता होतो हेही खरंच, आणि माझ्यासारख्या लोकांच्या गाड्यांचा धूर यात धरायचा की नाही यावर घरी जेवताना वाद होतात.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं. टायोगा रोड हिवाळ्यात बर्फाने बंद असतो आणि मेअखेर किंवा जूनमध्ये उघडतो, पण त्याची खात्री धरू नका. २०२३ मध्ये २२ जुलै उजाडला होता. सप्टेंबर सगळ्यात चांगला: डास गेलेले, गर्दी ओसरलेली, आणि चिपमंक बेगमीच्या घाईत असल्यामुळे दिवसभर बाहेर. अल्पाइनसाठी पासपाशीच सुरू होणारी गेलर लेक्सची वाट धरा. पहिला चढ दम काढतो, इतक्या उंचीवर हवा विरळ आहे, त्यामुळे आई-बाबांना खाली मेडोजमध्येच लॉजपोल दाखवलेला बरा. खिंडीवर पोचलात की दगडांच्या राशीसमोर बसा आणि आधी कान द्या. बारीक, उंच पट्टीतलं चिप्-चिप्-चिप् सुरू झालं, की प्रत्येक चिप् बरोबर शेपूट झटकली जाते, त्या हालचालीवरून तो सापडतो. फोटो काढताना नुसती पाठ नको. चेहरा, कानामागची बाजू आणि शेपटीची खालची बाजू मिळाली तर उत्तम. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर पश्चिमेकडच्या चिपमंकांच्या कित्येक नोंदी 'कुठलातरी चिपमंक' यापुढे जातच नाहीत, त्या याच तीन गोष्टी नसल्यामुळे. आणि फोटो हलला, बिघडला, तरी नोंद टाका, फक्त उंची आणि आजूबाजूची झाडं लिहायला विसरू नका. नुसतं 'योसेमिटी' लिहिलेल्या नोंदीचं पुढच्या शतकातले लोक काय करणार?